परत पाठवायचं नाही

"तुम्ही म्हणता पाठवला, हॉस्पिटल म्हणतं आला नाही. मग मधल्या मधे गेला कुठं? पंचगंगेत?"

बावडेकर सरांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या टेबलापासून माझं टेबल हाताच्या अंतरावर, त्यामुळं ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचं. फोनवर पलीकडं पुण्याच्या लॅबमधल्या पिंगळे बाई होत्या. त्या बिचाऱ्या शांतपणे काहीतरी सांगत होत्या आणि सर त्यांना मधेच तोडत होते. शेवटी सरांनी फोन ठेवला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. ऑफिसात कुणी मान वर केली नाही. तो रिपोर्ट कुणाचा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं.

रिपोर्ट त्यांच्या घरचा होता. कुमुदकाकू, म्हणजे सरांच्या मिसेस, डायलिसिसवर होत्या. दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं, मशीनला जोडून घ्यायचं आणि पिळून काढल्यासारखं होऊन घरी यायचं. सरांना स्वतःला मधुमेह, त्यामुळं त्यांची किडनी चालणार नव्हती. काकूंची धाकटी बहीण शालन, ती द्यायला तयार झाली होती. दोघींचं जुळतं का नाही ते बघायला पुण्याला रक्त गेलं होतं. शनिवारी अशा ऑपरेशनना परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीची बैठक होती, त्याच्या आत रिपोर्ट पोचला तर ऑपरेशनची तारीख मिळणार. नाही पोचला तर पुढची बैठक कधी, ते कुणी सांगत नव्हतं. डॉक्टर मात्र एवढं म्हणाले होते की काकूंचं हृदय आता दमलंय, फार ताणू नका. तो दिवस गुरुवार होता.

दमलेली मी पण होते, खरं सांगायचं तर. सासूबाई पाय मोडून घरात, नवरा बेळगावला नोकरीला, आणि ऑफिसात दिवसभर लॅबवाल्यांचे फोन. साळोखे मॅडम, हे चालत नाही. साळोखे मॅडम, ते दिसत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणी 'तनुजा' म्हणून हाक मारली तरी मी पटकन ओ द्यायची नाही. मला वाटायचं दुसऱ्या कुणाला बोलावतायत.

आमच्या कंपनीचं काम सांगायला सोपं. लॅबमध्ये तपासणी झाली की तिचा रिपोर्ट हॉस्पिटलात पोचवायचा. लॅबचा संगणक आमच्या सर्व्हरकडं रिपोर्ट पाठवतो, आमचा सर्व्हर तो उघडतो, वाचतो आणि डॉक्टरच्या स्क्रीनवर मांडतो. आता प्रत्येक लॅबची पाठवायची तऱ्हा वेगळी. कुणी जेसन पाठवतं, कुणी एक्सएमएल, कुणी वेबसाइटवरचा फॉर्म भरल्यासारखं. म्हणून रिपोर्टच्या आधी एक कंटेंट टाइप पाठवायचा असतो, म्हणजे आतला मजकूर कुठल्या पद्धतीनं बांधलाय ते बाहेर लिहायचं. स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या असतात ना, रवा, साबुदाणा, तसंच. ती चिठ्ठी वाचायची आणि डबा उघडायचा. आणि आपल्याला उघडता येत नसेल तर पाठवणाऱ्याला सरळ सांगायचं, बाबा रे, हे मला कळत नाही, दुसऱ्या पद्धतीनं पाठव. सगळं जग असंच करतं, पण आमच्याकडं तसं नव्हतं.

आमच्याकडं बावडेकर सरांचा नियम होता. कुणालाही परत पाठवायचं नाही. काहीही येऊ दे, आमच्या सर्व्हरचं उत्तर एकच, 'मिळालं.'

नियमामागं गोष्ट होती, ती मी नोकरीला लागल्याच्या पहिल्या आठवड्यातच ऐकली होती. कंपनी नवीन असताना इचलकरंजीच्या एका डॉक्टरचे रिपोर्ट आमच्या सर्व्हरनं कळत नाहीत म्हणून परत पाठवले. डॉक्टरनं फोन करून सरांची अशी काही खरडपट्टी काढली की बस. मी काय भीक मागायला आलोय का तुमच्या दारात, असं म्हणाला. आणि काम काढून घेतलं. सरांना ते इतकं लागलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी सर्व्हरच्या तोंडातलं 'नाही' काढून टाकलं. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, हे आमच्या आईनं शिकवलंय, असं वर म्हणायचे.

बरं, नुसतं म्हणायचे असं नाही, तेव्हा ते निभावायचे पण. न कळलेले रिपोर्ट सर्व्हर एका बाजूला ठेवायचा. सर रोज सकाळी चहा घेत ते एकेक उघडायचे, हातानं नीट करायचे, लागलं तर लॅबला फोन लावायचे. लॅब होत्या मूठभर, त्यामुळं चालून गेलं. पुढं लॅब वाढल्या, सर साहेब झाले, मीटिंगांना जायला लागले. मग नवा सर्व्हर आला. तो बसवताना मी सरांना विचारलं होतं, सर, आता हे न कळणारे रिपोर्ट कोण बघणार? त्यांना परत तरी पाठवूया, नाहीतर कुठंतरी ठेवूया तरी. सर म्हणाले, "हं. हं, बरोबर आहे." आणि काही झालं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा हं.

या 'हं'ची आमच्या ऑफिसात फार थट्टा चालायची. सरांनी हं म्हटलं की समजायचं, पालथ्या घड्यावर पाणी. तसा देवमाणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही, कुणाला दुखवणार नाही. रजा मागा, पगार मागा, काहीतरी सुचवा, समोर बसून मान हलवणार आणि हं म्हणणार. आपण खूश होऊन उठायचं आणि दोन दिवसांनी कळायचं की त्यातलं एक अक्षर आत गेलेलं नाही. त्यांच्यावर रागावता पण यायचं नाही, हा खरा वैताग.

त्या गुरुवारी माझ्यासमोर दुसरंच काम होतं. पण पिंगळे बाईंचं एक वाक्य फोनमधून माझ्या कानावर आलं होतं, ते डोक्यातून जाईना. त्या म्हणत होत्या, "सर, आमच्या स्क्रीनवर तुमच्याकडूनच 'मिळालं' असं आलंय."

हातातलं काम बाजूला ठेवलं आणि सर्व्हरची नोंद उघडली. कोण आलं, कधी आलं, काय म्हणालं, आपण काय उत्तर दिलं, एवढंच त्यात असतं, रिपोर्ट नसतो. पुण्याच्या त्या लॅबचं नाव शोधायला वेळ लागला नाही. आला होता. एकदा नाही, तीनदा आला होता. लॅबनं नुकतंच नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि ते फॉर्मच्या पद्धतीनं पाठवत होतं. बाहेर तसं स्वच्छ लिहिलं पण होतं. आमच्या नव्या सर्व्हरला जेसन आणि एक्सएमएलशिवाय काही येत नव्हतं. त्यानं तीनही वेळा बघितलं, काही कळलं नाही, टाकून दिलं, आणि तीनही वेळा नम्रपणे सांगितलं, मिळालं.

 राग आला होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. सर समोर डबा उघडून बसले होते आणि भाजीत भाकरी नुसती फिरवत होते.

मी खुर्ची त्यांच्याकडं ओढली आणि सांगितलं. लांबण लावलं नाही. ते ऐकत असताना 'हं' म्हणाले नाहीत, तेव्हा मला कळलं की आज ऐकतायत.

"किती वेळा आला म्हणालीस?"

"तीनदा, सर."

"आणि आपण काय म्हणालो?"

"मिळालं म्हणालो."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. कड्या नीट बसवल्या. मग म्हणाले, "त्या पिंगळे बाईंना मी काय काय बोललो गं." आणि दुसरं काही करायच्या आधी त्यांनी पुण्याला फोन लावला आणि माफी मागितली. चूक आमच्या घरची होती, तुमची नव्हती, असं दोनदा म्हणाले. बाई बहुतेक संकोचल्या असाव्यात, कारण सरच त्यांना समजावत होते की नाही नाही, माझंच चुकलं.

मग आम्ही दोघं कामाला बसलो. सर्व्हरला फॉर्मच्या पद्धतीचा मजकूर उघडायला शिकवणं, हे फार मोठं काम नव्हतं, संध्याकाळपर्यंत झालं. पण मी तेवढ्यावर थांबायला तयार नव्हते. उद्या तिसरीच कुठली तरी पद्धत येईल, तेव्हा पुन्हा हेच. मी म्हटलं, सर, जे कळत नाही ते परत पाठवायचं. आजच. तुम्ही हो म्हणा, नाहीतर मी ही नोकरी सोडते, मला आता झेपत नाही. नोकरीचं मी नुसतं बोलण्याच्या भरात म्हणाले नव्हते. खरंच सोडावीशी वाटत होती.

सर म्हणाले, "सरक जरा. ती ओळ मी लिहितो."

किती वर्षांनी त्यांनी कोडला हात लावला होता कुणास ठाऊक. दोन बोटांनी, कीबोर्डकडं बघत, एकेक अक्षर. जो मजकूर कुठल्याच पद्धतीत बसत नाही तो न घेता परत करायचा आणि लॅबला एक निरोप द्यायचा. निरोप इंग्रजीत असतो सगळीकडं. सर म्हणाले, आपल्या लॅबमध्ये बसणारी माणसं आपलीच आहेत, त्यांना कळेल असं लिहूया. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं: 'हे आम्हाला कळलं नाही. कृपया परत पाठवा.'

"एवढं चालेल ना? फार तोडून टाकल्यासारखं नाही ना वाटत?"

मी म्हटलं, मिळालं म्हणून टाकून देण्यापेक्षा बरं आहे. बोलून गेल्यावर वाटलं, नको होतं बोलायला. पण त्यांनी नुसती मान हलवली.

तपासायला म्हणून मी मुद्दामच काहीतरी अगडमबगडम पाठवलं, बाहेर चिठ्ठी भलतीच. सर्व्हरनं ते परत केलं. हे आम्हाला कळलं नाही, कृपया परत पाठवा. आमच्या सर्व्हरनं नवा झाल्यापासून पहिल्यांदाच कुणाला तरी नाही म्हटलं होतं. सर त्या ओळीकडं बराच वेळ बघत राहिले.

शुक्रवारी सकाळी पिंगळे बाईंनी रिपोर्ट पुन्हा पाठवला आणि चहाच्या आतच हॉस्पिटलमधून फोन आला. पोचला. आणि जुळतंय, चांगलं जुळतंय. सर उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उभे राहिले. कुणीतरी पेढे आणले. कंपनीचे मालकसुद्धा बाहेर येऊन पाठीवर थाप मारून गेले. मला तर रडूच आलं. इतक्या दिवसांत माझ्या हातून काहीतरी धड झालं होतं. एखाद्याचं मरण लांबवलं आपण, आणखी काय पाहिजे, असं वाटलं.

दुपारी सर म्हणाले, साळोखे, घरी चल माझ्याबरोबर. कुमुदला तूच सांग, तू शोधलंस. मी नको नको म्हणत होते, पण मनातून मला जायचंच होतं.

रुईकर कॉलनीतलं त्यांचं घर बैठं, पुढं जास्वंदी. काकू बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांना वर्षाभरानं बघत होते. चेहरा सुजलेला, रंग राखेसारखा, डाव्या हातावर मशीनच्या सुयांनी फुगलेली शीर, ती पदरानं झाकलेली. समोर वाटीत बर्फाचे दोन खडे होते. डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून प्यायचं असतं. तहान लागली की काकू बर्फ चघळायच्या.

शालन स्वयंपाकघरातून बाहेर आली. काकूंपेक्षा पुष्कळ लहान, अंगानं बळकट. गडहिंग्लजला मुलींच्या होस्टेलची मेस सांभाळायची. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन पाच-सहा वर्षं याच घरात राहिली होती, सरांनीच तिला ते काम बघून दिलं होतं. आता तपासण्यांसाठी आली होती. मुलगी बारावीला, तिकडं शेजारणीकडं ठेवलेली.

सरांनी उंबऱ्यातूनच सांगितलं की रिपोर्ट सापडला, जुळलंय, उद्या बैठक. काकू "बरं" म्हणाल्या. शालन "बरं झालं भावजी" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. सरांना एवढा आनंद झालेला होता की त्यांना काही जाणवलं नाही. ते नातेवाइकांना फोन करायला अंगणात गेले. जास्वंदीच्या कडेनं येरझाऱ्या घालत मोठमोठ्यानं बोलत होते.

मला मात्र जाणवलं होतं. ज्या बातमीनं आमच्या ऑफिसात पेढे वाटले, ती बातमी या घरातल्या दोघींनाही नको होती.

काकूंनी विचारलं, "कसा सापडला गं? मला वाटलं हरवलाच."

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. आलेलं आमच्या सर्व्हरला कळायचं नाही, पण 'नाही' म्हणायचं नाही असा नियम. म्हणून न वाचताच मिळालं म्हणायचा आणि टाकून द्यायचा. काकू आधी हसल्या. हसताना त्यांना धाप लागली.

"म्हणजे अगदी ह्यांच्यासारखाच की."

मग हसू गेलं. बर्फाचा खडा तोंडात टाकून त्यांनी अंगणाकडं बघितलं.

"रागावू नकोस हां. तू एवढं केलंस. पण तो हरवला होता तेच बरं होतं बघ."

मी आतल्या दाराकडं बघितलं. 

त्या हळूहळू सांगायला लागल्या, आवाज खाली ठेवून, आत भांड्यांचा आवाज चालू असताना. शालनची किडनी त्यांना नको होती. पहिल्या दिवसापासून नको होती. शालन दिवसभर मोठमोठी पातेली उचलते, तिला उद्या काही झालं तर तिच्या पोरीला कोण? सरांना त्यांनी हे सांगितलं होतं. गणपतीत सांगितलं, दिवाळीत सांगितलं, रक्त द्यायला जायच्या दिवशी गाडीत बसून सांगितलं. प्रत्येक वेळी सर हं म्हणाले. हं कुमुद, बरोबर आहे तुझं. आणि गाडी पुढं गेली.

"पण काकू, शालनताई स्वतःहून तयार झाल्यात ना?"

"तयार?" काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मला लाज वाटली. "सहा वर्षं ज्यांच्या घरात जेवली त्यांनी विचारलं. ती नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? भीड भिकेची बहीण असते बाई. ती हो म्हणाली, कारण तिला नाही म्हणायची सोयच नव्हती."

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. आम्हाला दोघींनाही ते कळलं.

मग काकू म्हणाल्या, "तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील. ऑफिसचं माणूस बोललं की कान उघडतात त्यांचे."

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं, अगदी खरं. काल सकाळपासून मी ज्या रिपोर्टच्या मागं धावत होते, तो या बाईला नको होता, आणि आता मीच तिच्या नवऱ्याला सांगायचं की तुमची बायको मरण लांबवायला नाही म्हणतेय? माझी काय लायकी होती? पण राग पण आला होता. सरांचा, काकूंचा, सगळ्यांचाच. एवढी एक गोष्ट नीट सांगता येऊ नये आणि नीट ऐकता येऊ नये?

मी म्हटलं, "मी नाही सांगणार काकू. तुम्हीच सांगा. मी इथं बसते."

सर आत आले. शालन चहा घेऊन आली. माझा आणि सरांचा पूर्ण कप, काकूंचा अर्धा. कप ठेवताना ती कुणाकडं बघत नव्हती. सर तिला म्हणाले, तुझ्या सासरकडच्यांनाही कळवतो गं. ती मान हलवून दाराशी जाऊन उभी राहिली.

काकू म्हणाल्या, "अहो."

"हं."

"मला शालनची किडनी नकोय."

"हं. हं, बरोबर आहे." सरांनी कप उचलला. "आधी उद्याची बैठक तर होऊ दे. सकाळी लवकर निघूया, गर्दी असते."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, दमून बघितलं, बघ म्हणाले नव्हते का मी, एवढंच होतं त्या बघण्यात.

मी विचारलं, "सर, काकू आत्ता काय म्हणाल्या?"

"कुमुद? ती म्हणाली..."

त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. आठवायचा प्रयत्न करत होते हे दिसत होतं. कपाळावर आठ्या, हातातला कप मधेच. आधी काकूंकडं बघितलं, मग दारातल्या शालनकडं, मग माझ्याकडं. आणि माझ्याकडं बघताना त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरत गेलं. काल दुपारी डब्याचं झाकण लावताना उतरलं होतं तसं. त्यांना ती तीन वेळाची नोंद आठवली असणार. मी त्यांना आठवण करून दिली नाही, तशी गरजच नव्हती.

त्यांनी कप खाली ठेवला. टेबलाजवळची खुर्ची ओढून काकूंच्या समोर घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि बसले.

"मला कळलं नाही, कुमुद," ते म्हणाले. "परत सांग."

काकूंचा चेहरा पहिल्यांदा हलला.  मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, गणपतीपासून, गाडीतल्या बोलण्यापासून, शालनच्या पोरीपासून. मधे धाप लागली की थांबायच्या. सर एकदाही हं म्हणाले नाहीत. दोनदा त्यांनी थांबवलं आणि म्हणाले, हे कळलं नाही, हे परत सांग. काकूंनी परत सांगितलं. मला डायलिसिसवर राहू द्या. यादीत नाव घाला, मेलेल्या माणसाची मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर नाही. पण हिची घेऊन मला जगायचं नाही. हे सगळं सांगून झालं तेव्हा सर रडत होते, डोळे न पुसता, काकूंचा फुगलेल्या शिरेचा हात दोन्ही हातांत धरून.

मग ते दाराकडं वळले.

"शालन, तू पण सांग. तू हो म्हणालीस ते मी ऐकलं. दुसरं काही म्हणायचं होतं का?"

शालन भिंतीला टेकून खाली बसली. पदर तोंडात धरला. मग म्हणाली, "मला लई भीती वाटते भावजी." एवढंच. आणि हुंदके देऊन रडायला लागली, आणि आरामखुर्चीतली ती आजारी बाई तिला म्हणत होती, रडू नको, रडू नको गं माझी बाय, झालं आता.

मी माझी पर्स उचलली आणि हळूच बाहेर पडले. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. घरी जाऊन सासूबाईंना औषध दिलं, कुकर लावला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आपण चांगलं केलं की वाईट, काही म्हणजे काही कळत नव्हतं.

शनिवारी सर समितीपुढं गेले ते शालनचं नाव मागं घ्यायला. सोमवारच्या गाडीनं शालन गडहिंग्लजला परत गेली. काकूंचं नाव यादीत लागलं, पण नंबर लागला नाही. तिसऱ्या वर्षी त्या गेल्या. दिवसकार्याला शालन आली होती, मुलीला घेऊन. मुलगी नर्सिंगला होती तेव्हा. ऑपरेशन झालं असतं तर काकू आणखी जगल्या असत्या का? असत्या कदाचित. हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर देत नाही मी, दमते.

त्या तीन वर्षांत सर ऑफिसातून वेळेवर घरी जायचे. काकू रोज काय काय सांगायच्या ते दुसऱ्या दिवशी मला सांगायचे, बारीकसारीक, शेजारणीच्या मांजराच्या पिल्लांपासून. मी कामात असले तरी ऐकायची.

ती ओळ अजून आहे सर्व्हरवर. लॅबवाले अजून फोन करतात, मॅडम, तुमचं मशीन आमचा रिपोर्ट परत का पाठवतं? मी सांगते, कळत नाही म्हणून पाठवतं, नीट करून पुन्हा द्या. शिव्या पण खाते अधूनमधून.

सर आता निवृत्त आहेत. कानाला थोडं कमी येतं. महिन्यातून एकदा फोन असतो त्यांचा, आणि दर दोन वाक्यांनी थांबवतात. "थांब साळोखे. कळलं नाही. परत सांग." दिवसभर लोकांशी बोलून माझा घसा बसलेला असतो, घरी कुकर ओरडत असतो, आणि तीच गोष्ट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगायची म्हणजे जिवावर येतं.

पण सांगते.